‘सहकार्य’ : वाक्यातले आणि व्यवहारातले

मराठीच्या पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी एक प्रश्न हमखास आढळतो : ‘खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.’ शिक्षकांना तो तपासण्यास सोपा वाटतो, विद्यार्थ्यांना दोन गुणांची हमी देणारा वाटतो आणि पालकांना तर अगदीच किरकोळ वाटतो. तथापि भाषेच्या दृष्टीने पाहिले, तर साऱ्या प्रश्नपत्रिकेत याहून कठीण प्रश्न क्वचितच असेल. शब्दाचा अर्थ कोशातून पाठ करता येतो, समानार्थी शब्द घोकता येतात. परंतु शब्द वाक्यात बसवायचा म्हटले की त्याला कर्ता लागतो, क्रियापद लागते, आणि कोणी कोणासाठी काय केले हे सांगणे भाग पडते. अर्थ जाणणे आणि शब्द वापरणे यांतील अंतर येथेच उघडे पडते.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या एखाद्या वर्गात ‘सहकार्य’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तर मुलांच्या वह्यांत कोणती वाक्ये उमटतील, याची कल्पना कोणत्याही अनुभवी शिक्षकास करता येईल. ‘आपण सर्वांशी सहकार्य करावे.’ ‘सहकार्याने कामे लवकर होतात.’ दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि दोन्ही निर्जीव आहेत. त्यांत कोण आहे, कोणाला मदत झाली, कोणत्या कामात झाली, याचा मागमूस नाही. एखादा मुलगा मात्र ‘सहकार्य’ आणि ‘सहकारी’ यांत गफलत करील आणि ‘आमच्या गावाजवळ सहकारी साखर कारखाना आहे’ असे लिहून मोकळा होईल. नियमाप्रमाणे त्याचा गुण कापला जाईल. पण गंमत अशी की, या तीन वाक्यांत खऱ्या अर्थाने काही सांगणारे वाक्य तेच आहे. कारण कोडोलीच्या शेजारच्या माळावर, वारणानगरात, या शब्दाचे वाक्य साठ वर्षांपूर्वीच विटा-सिमेंटमध्ये लिहिले गेले आहे.

शब्दाचे कूळ

‘सहकार’ हा शब्द संस्कृतात जुना आहे, पण त्याचा तेथील अर्थ ऐकून आजच्या वाचकास नवल वाटेल. संस्कृत काव्यात सहकार म्हणजे सुगंधी मोहोराचा आम्रवृक्ष. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्याच अंकात, कण्वाच्या आश्रमातील नवमालिकेची वेल सहकार वृक्षाला वरते, आणि शकुंतलेच्या सख्या त्यावरून तिची थट्टा करतात. एकाने आधार द्यावा, दुसऱ्याने बहर द्यावा, असे ते नाते. आजच्या आर्थिक अर्थाने हा शब्द मराठीत रुळला तो विसाव्या शतकात. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, १९१२ साली तो व्यापक करण्यात आला. आणि गंमत म्हणजे, शब्द घरोघर पोहोचला तो मात्र नकाराच्या रूपाने. १९२० साली महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली आणि ‘सहकार’ कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनाही ‘असहकार’ म्हणजे काय हे नीट कळले. सरकारचे काम तुमच्या-आमच्या हातांवाचून चालत नाही, हा त्या शब्दातील गर्भितार्थ होता. हात काढून घेतल्यावरच हात लावण्याचे मोल कळते.

या कुळातील शब्दांची आज थोडी सरमिसळ झाली आहे. ‘सहकार’ हे तत्त्व आणि त्या तत्त्वावर उभी राहिलेली चळवळ. ‘सहकार्य’ ही प्रत्यक्ष कृती. ‘सहकारी’ हे नाम असेल तर बरोबरीने काम करणारा माणूस, आणि विशेषण असेल तर त्या तत्त्वावर चालणारी संस्था. एकाच कचेरीत टेबलाला टेबल लावून बसणारा तो सहकारी, आणि ज्या पतसंस्थेतून दोघांनी कर्ज काढले तीही सहकारी. मराठीने माणसाला आणि संस्थेला एकच नाव दिले आहे. संस्थेकडून माणसासारख्या वागणुकीची अपेक्षा ठेवावी, असा त्यात काही संकेत आहे असे मानले, तर ते फारसे चूक ठरू नये.

स्नेहाची छटा ज्यात आहे असा शब्द शोधू जाता ‘सौहार्द’ सापडतो. ज्याचे हृदय चांगले तो सुहृद, आणि त्याचा भाव ते सौहार्द. अनेक जण तो ‘सौहार्द्र’ असा लिहितात. ‘आर्द्र’ या शब्दाशी त्याचा काही संबंध असावा अशी समजूत त्यामागे असते. मन ओले होते हे खरे असले, तरी व्याकरणाला ते मान्य नाही. ‘सलोखा’ हा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला शब्द. तो बहुधा भांडणानंतरच आठवतो. ‘एकोपा’ घरात आणि गावात नांदतो. ‘खेळीमेळी’ या शब्दात खेळ आहे आणि मेळ आहे. आणि ‘गडी’ हा तर अपूर्वच शब्द. हुतूतूच्या मैदानात आपल्या बाजूला घेतलेला खेळाडू तो गडी, शेतावर सालाने ठेवलेला नोकर तोही गडी, आणि जिवाभावाच्या मित्राला घातलेली हाक तीही ‘गड्या’. बरोबरी, चाकरी आणि मैत्री ही तिन्ही नाती एका शब्दात मावतात. कोणत्या वाक्यात तो आला आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ सांगता येणार नाही.

क्रियापदाची साक्ष

शब्दांची खरी ओळख त्यांच्या क्रियापदांवरून पटते. सलोखा ‘राखावा’ लागतो, एकोपा ‘टिकवावा’ लागतो, सौहार्द ‘जपावे’ लागते. या क्रियापदांत काळजी आहे; दुर्लक्ष केले तर ती वस्तू हातची जाईल, ही जाणीव आहे. सहकार्याचे मात्र तसे नाही. सहकार्य ‘मागतात’, सहकार्य ‘देतात’, आणि कार्यक्रमाच्या शेवटी सहकार्याबद्दल आभार ‘मानतात’. आभार मानले की व्यवहार संपला.

याच्या शेजारी शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘पैरा’ हा शब्द ठेवून पाहावा. कोल्हापूर भागात तो जुन्या पिढीच्या तोंडी अद्याप आहे. दोघा-तिघा शेतकऱ्यांनी आपापले बैल आणि आपापली माणसे एकत्र आणायची आणि आळीपाळीने एकमेकांच्या शेतात कामे उरकायची, असा हा रिवाज. बायकांची भांगलण पैऱ्याने होई, रोपांची लावण पैऱ्याने होई. या शब्दाचे क्रियापद आहे ‘फेडणे’. पैरा फेडावा लागतो. आज तुझ्या शेतात माझे दोन दिवस खपले, तर माझ्या शेतात तुझे दोन दिवस आलेच पाहिजेत. त्याला कागद नाही, शिक्का नाही, व्याज नाही. पण ज्याने पैरा फेडला नाही, त्याच्या बांधावर पुढच्या हंगामात कोणी फिरकत नसे. इतर भागांत याच जातीचे ‘सावड’, ‘वारंगुळा’ असे शब्द प्रचारात होते. ‘इर्जिक’ हा त्यांचाच थोरला भाऊ. काळ्या, भारी जमिनीत मोठा नांगर चालवायचा तर तीन-चार बैलजोड्या लागत, आणि सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला असे एक जोडी. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रण जाई, जोड्या जमत, दिवसभर नांगर चालत, आणि ज्याचे शेत त्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे. मजुरी नाही, हिशेब नाही. उद्या दुसऱ्याच्या शेतावर हजर राहायचे एवढेच.

येथे थोडे सावध राहणे आवश्यक आहे. जुन्या रिवाजांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादा विसरण्याचा मोह होतो. पैरा बरोबरीच्या माणसांत होई. ज्याच्याजवळ बैल नाही, जमीन नाही, त्याला पैऱ्यात स्थान नव्हते; तो रोजगारीने किंवा बलुत्यावर राबे. शिवाय हे सहकार्य गरजेतून जन्मलेले होते, आणि गरज संपली तेव्हा तेही संपले. चार जोड्यांना दिवसभर पुरणारे शेत ट्रॅक्टरने घटका-दोन घटकांत नांगरले जाऊ लागले, तेव्हा इर्जिकीचे आमंत्रण कोणी आणि कशाला द्यावे? हे सर्व खरे. तरीही त्या शब्दांबरोबर एक क्रियापद हरपले, ही हानी लहान नाही. ‘फेडणे’ गेले आणि ‘आभार मानणे’ उरले.

गुऱ्हाळाचे उदाहरण याहून जवळचे आहे. कोल्हापुरी गुळाची कीर्ती सर्वदूर आहे, पण ती एका माणसाच्या हातची नव्हे. घाण्यात ऊस घालणारा, चुलवाणात चिपाड सारून जाळ राखणारा आणि काहिलीतील रसाचा रंग पाहून ‘आता उतरा’ म्हणणारा गुळव्या, या सर्वांचे लक्ष एका काहिलीवर असावे लागते. जाळ क्षणभर जास्त झाला तर गूळ करपतो, काहील उतरवायला उशीर झाला तरी बिघडतो. तेथे कोणी कोणास ‘कृपया सहकार्य करावे’ असे म्हणत नाही. म्हणण्यास वेळच नसतो. एकाने हाक द्यावी आणि बाकीच्यांचे हात एकाच वेळी लागावेत, हेच तेथले सहकार्य.

माळावरचे वाक्य

पैरा बांधापुरता होता. त्याला जिल्ह्याच्या आणि बाजारपेठेच्या आकाराचा करणे हे सहकारी चळवळीचे काम. इंग्लंडातील रॉचडेल या गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत विणकर बरेच होते, एक लहानसे दुकान काढले. लोणी, साखर, पीठ, ओटचे भरड पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. पण भांडवल कितीही असो, मत एकच, हा नियम त्यांनी पाळला आणि जगभरच्या सहकाराचा पाया घातला. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या सुमारास त्याची धुराडी पेटली. शेतकऱ्यांना साखर कारखाना चालवता येणार नाही, ही समजूत तेव्हापासून मोडली.

वारणेच्या खोऱ्यात हेच वाक्य तात्यासाहेब कोरे यांनी लिहिले. विश्वनाथ अण्णा कोरे हे त्यांचे पूर्ण नाव. १९१४ ते १९९४ हा त्यांचा काळ. कोडोलीलगतच्या माळावर १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली आणि कारखान्याभोवती वारणानगर वसले. पुढे १९६८ साली दूध संघ आला, नंतर ग्राहकांसाठी वारणा बझार आला, शाळा-महाविद्यालये आली, मुलांचा वाद्यवृंदही आला. मुलांच्या वाद्यवृंदाचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. कारण पंचवीस-तीस हातांनी एकाच तालावर चालणे म्हणजे काय, हे त्याहून सोप्या रीतीने मुलांना शिकवता येणार नाही. १९९८ साली खोऱ्यातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. सभासदाला आपल्या उसाची नोंद, वजन आणि बिल गावातच कळावे, हा त्यामागील एक हेतू होता. मोबाईलच्या आजच्या काळात याचे अप्रूप वाटणार नाही. पण माहिती वाटून घेणे हादेखील सहकार्याचाच भाग आहे, हे त्या वेळी ओळखले गेले, हे महत्त्वाचे.

कारखान्याच्या व्यवहारात सहकार्याची खरी कसोटी लागते ती ऊसतोडीच्या पाळीत. ऊस तोडला की त्यातील साखर उतरू लागते आणि वजनही घटते. म्हणून तोडलेला ऊस शक्य तो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा लागतो. कारखान्याची दिवसाची गाळपशक्ती ठरलेली, सभासद हजारो, आणि प्रत्येकाला वाटते की आपला ऊस आधी जावा. यावर उपाय म्हणजे लागणीच्या तारखेप्रमाणे नोंद आणि नोंदीप्रमाणे तोड. गट कार्यालयातील कारकून आणि शेतावर तोडीची चिठ्ठी घेऊन जाणारा चिटबॉय, ही या व्यवस्थेतील लहान माणसे. पण हजारो सभासदांचा विश्वास त्यांच्या वहीवर टेकलेला असतो. वशिल्याने एका फडाची पाळी पुढे ओढली, तर मागच्या दहा फडांचा ऊस वाळतो. ‘मी माझ्या पाळीची वाट पाहीन आणि तूही पाहा’ हे सहकाराचे सर्वांत अवघड वाक्य आहे. ते म्हणण्यास सोपे, पण मार्चच्या उन्हात तुरे आलेल्या उसाकडे पाहत म्हणावे लागते.

शब्दाच्या कुंपणाबाहेर

याच फडात आणखी काही माणसे राबत असतात. बीड, अहिल्यानगर, सोलापूर, जळगाव अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हंगामात येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको दोघे मिळून राबतात. त्या जोडीला हिशेबाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, आणि नाव एका हत्याराचे. पहाटे थंडीत त्यांनी तोडलेल्या उसावर सहकारी कारखाना चालतो. पण ते त्याचे सभासद नाहीत आणि भाषेने त्यांना ‘सहकारी’ म्हटलेले नाही. पैऱ्यात ज्याच्याजवळ बैल नव्हता तो बाहेर राहिला, सहकारात ज्याच्याजवळ भाग नाही तो बाहेर राहिला. गाडीत बैल बदलला, कुंपण तेच राहिले.

हा दोष कोणा एका कारखान्याचा नव्हे. सहकार म्हणजे मालकांचा सहकार, अशी जी घडण प्रारंभापासून पडली, तिचा हा परिणाम आहे. परंतु सहकाराचे पुढचे वाक्य लिहावयाचे असेल, तर त्याचा कर्ता कोण असणार, हा प्रश्न टाळता येणार नाही. फडावरच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही ठिकाणी चालल्या आणि काही ठिकाणी बंद पडल्या. ज्याच्या हातांवाचून काम अडते, तो सहकारी. कोशातील अर्थ एवढाच आहे. तो अर्थ प्रामाणिकपणे लावला, तर कोयत्यालाही या शब्दात जागा करून द्यावी लागेल.

‘खेळीमेळीच्या वातावरणात’

वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर सप्टेंबर महिन्यात एक वाक्य वारंवार भेटते : ‘संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ वाक्य इतके ठरून गेले आहे की सभा भरण्यापूर्वीच ते लिहून ठेवता यावे. त्या वातावरणाचे स्वरूपही ठरलेले असते. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, समोरच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, मागच्या बाजूने कोणी ‘नामंजूर’ म्हणत उठतो, ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पाऊण तासात वर्षभराचा कारभार मान्य होतो. काही वेळा विरोधकांची समांतर सभा बाहेर मंडपात भरते, आणि तिचेही वातावरण, तिच्या पत्रकानुसार, खेळीमेळीचेच असते. वाटाघाटींच्या बातम्यांत ‘सौहार्दपूर्ण वातावरणात चर्चा झाली’ असे आले, की काहीही ठरले नाही हे जाणत्या वाचकास कळते.

खेळ म्हटला की त्यात दोन बाजू आल्या, डाव आला आणि हरण्याची तयारी आली. ज्या सभेत प्रश्न विचारणाऱ्याला बसवले जाते, तिला खेळीमेळीची म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय आहे. सहकारी संस्थेत प्रश्न विचारणारा सभासद हा शत्रू नसतो. आपल्या पैशाचा हिशेब पाहणारा तो भागीदार असतो. ‘एक सभासद, एक मत’ या नियमाला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा त्या मताला ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते. एकमत आणि एकोपा हे समानार्थी शब्द नव्हेत. एकमत नसतानाही एकोपा राहणे, हीच तर सहकार्याची कसोटी.

कायद्याने आपले काम केले आहे. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काला मूलभूत हक्कांच्या कलमात स्थान मिळाले. २०२१ साली केंद्रात सहकाराचे स्वतंत्र मंत्रालय झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ प्रमाणेच २०२५ हे वर्षही सहकारी संस्थांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. हक्क, मंत्रालय आणि वर्ष ही तिन्ही नामे आहेत. क्रियापद सभासदांनीच पुरवावयाचे आहे.

टेबल, तास आणि जामीन

सरकारी आणि निमसरकारी कामकाजात ‘सहकार्य’ या शब्दाची जी अवस्था झाली आहे, ती पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ‘सुटे पैसे देऊन सहकार्य करावे.’ ‘कर वेळेवर भरून सहकार्य करावे.’ ‘वीजपुरवठा बंद राहील, ग्राहकांनी सहकार्य करावे.’ या सर्व सूचनांत शब्द विनंतीचा आहे आणि अर्थ आज्ञेचा किंवा सोसण्याचा. दिवे नसताना अंधारात बसून ग्राहकाने नेमके कोणते कार्य कोणाच्या सह करावयाचे, हे सूचना सांगत नाही. ‘मुकाट्याने घ्या’ असे म्हणणे अशिष्ट म्हणून ‘सहकार्य करावे’ म्हटले जाते. सौजन्याचा शब्द दंडुक्याला गुंडाळला, की दंडुका मऊ होत नाही, पण शब्द मात्र मळतो.

आणि तरीही याच कचेऱ्यांत, याच शिक्षकखोल्यांत, खरे सहकार्य रोज घडत असते. त्याचा गाजावाजा होत नाही इतकेच. एखाद्या शिक्षिकेचे मूल तापाने फणफणलेले असते, आणि तिचा वर्ग मोकळा राहू नये म्हणून दुसरी आपला मोकळा तास बदली तास म्हणून घेते. मार्च अखेरीस एका टेबलावर देयकांचा ढीग साचतो, आणि ‘हे माझ्या टेबलाचे काम नाही’ असे अकरा महिने म्हणणारा कारकून चष्मा पुसून शेजारी येऊन बसतो. नव्याने रुजू झालेल्या तरुणाला टिपणी कशी लिहावी हे निवृत्तीला आलेला अव्वल कारकून दोन वेळा समजावून देतो आणि तिसऱ्या वेळी त्याचीच टिपणी पुढे पाठवतो. शिक्षकांची भिशी असते. जिच्या घरी लग्न आहे, तिला आधी उचलू देण्यासाठी कोणी आपला नंबर मागे घेते. हे सर्व कोणत्याही सेवानियमात लिहिलेले नाही.

यांत सर्वांत भारी प्रसंग जामिनाचा. कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेतून कर्ज हवे असेल, तर दोन सहकाऱ्यांच्या सह्या लागतात. घर बांधावयाचे असते, मुलीचे शिक्षण असते, आजारपण असते. अर्ज घेऊन सहकारी समोर उभा राहतो आणि काही न बोलता कागद पुढे करतो. ती सही म्हणजे केवळ शाईची रेघ नव्हे. कर्जदाराने हप्ते थकवले, तर जामीनदाराच्या पगारातून कपात होते; त्याच्या स्वतःच्या घरी त्या महिन्यात काय अडले आहे, हे वसुलीच्या पत्रात विचारलेले नसते. विश्वासाने सही करून पस्तावलेले जामीनदार जवळजवळ प्रत्येक कचेरीत सापडतील, आणि त्यामुळे मैत्री तुटल्याच्या कथाही. म्हणून सही देणाऱ्याने डोळे उघडे ठेवून द्यावी आणि घेणाऱ्याने ती पैऱ्यासारखी मानावी, हेच श्रेयस्कर. हप्ता वेळेवर भरणे म्हणजे संस्थेचे देणे फेडणे तर खरेच. पण त्याआधी ते शेजारच्या टेबलाचे देणे असते.

गुण कोणाला?

या साऱ्याचे तात्पर्य शाळेच्या त्या दोन गुणांच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचते. भाषाशिक्षणात ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाची तपासणी बहुधा शुद्धलेखनापुरती होते. शब्द आला, वाक्य पूर्ण झाले, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, म्हणजे गुण मिळाले. त्याऐवजी शिक्षकांनी तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत : या वाक्यात सहकार्य कोणी केले? कोणाशी केले? आणि ते करण्यासाठी त्याला स्वतःचे काय बाजूला ठेवावे लागले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या वाक्यात नाही, त्यात शब्द आहे, पण सहकार्य नाही.

असे विचारले, तर कोडोलीच्या मुलांना विषयांची वाण पडणार नाही. त्यांच्या घरी पैरा फेडलेले आजोबा आहेत, भांगलणीला एकत्र जाणाऱ्या मावश्या आहेत, दूध डेअरीवर पहाटे चरवी घेऊन रांगेत उभी राहणारी आई आहे, तोडीच्या पाळीची वाट पाहणारे वडील आहेत. हंगामात काही वर्गांत दूरच्या जिल्ह्यातून आलेले, कोप्यांत राहणारे एखादे मूलही मागच्या बाकावर बसलेले असेल. त्याच्याकडे वही नसली आणि शेजारच्या मुलाने आपल्या वहीची मधली चार पाने काढून दिली, तर त्या दिवशी त्या वर्गातील वाक्य तयार झाले. ते फळ्यावर लिहून घ्यावे, आणि देणाऱ्या मुलाबरोबर घेणाऱ्या मुलाचेही नाव त्यात कर्ता म्हणून घालावे. कारण उद्या गणित सोडवून दाखवण्याची पाळी त्याची असू शकेल.